चर्चा: कॉलेजचं वीजबिल कमी करायला पोरांनी वर्षाला ५० रुपये द्यायचे का?

सातपुड्याची झुळूक
मार्च उजाडला की जळगावात वरच्या मजल्यावरच्या वर्गात बसवत नाही. स्लॅब तापलेला, पंखा गरम हवा खाली ढकलतो, आणि रिकाम्या वर्गातही ट्यूबा सुरू. आम्ही काही जणांनी प्राचार्यांपुढे एक मागणी ठेवलीय: प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाकडून ५० रुपये घ्या, त्याचा वेगळा हरित निधी करा, आणि खर्च कशावर करायचा ते पोरांच्या समितीने ठरवू द्या. हे काही नवलाचं नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २००७ साली विद्यार्थ्यांनी स्वतः मतदान करून असं शुल्क लावून घेतलं.
पहिलं काम जुने पंखे बदलायचं, हिशेब साधा आहे. ३००० पोरं, म्हणजे दीड लाख. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. ३००० रुपयांना एक धरला तर ५० पंखे. दिवसाला ८ तास, वर्षाला २०० दिवस चालले तर पंख्यामागे ७२ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरा, ३६,००० रुपये झाले. चार-सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. विरोध कोणाला आहे, कारणासकट सांगा.

धडगावचा पालक
मला आहे. वीजबिल कॉलेजचं, पंखा कॉलेजचा, वाचलेले पैसेही कॉलेजचे, आणि खिसा फक्त पोरांचा? ५० रुपये तुम्हाला चहा-फाफड्याचे वाटत असतील. माझी पोरगी प्रवेशाला येते तेव्हा शिष्यवृत्ती खात्यावर आलेली नसते, आधी मी उसनवार करतो. पावतीवर जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण असे रकाने आहेतच. एकदा छापलेला रकाना परत पुसला गेलेला मी पाहिला नाही. आणि ज्या घरात संध्याकाळी लाईटच जाते, त्या घराकडून वीज वाचवायची वर्गणी मागताना जरा तरी लाजा.

सातपुड्याची झुळूक
काका, शिष्यवृत्तीवाल्यांना माफी हे आमच्या अर्जात लिहिलंय. बाकीच्यांचं काय म्हणता?

धडगावचा पालक
माफीसाठी अजून एक अर्ज, अजून एक दाखला. ती रांगही आमच्याच पोरांनी लावायची.

वायरमन आप्पा
तीस वर्षं शाळा-कॉलेजांची वायरिंग केली, म्हणून बोलतो. भो, तुझा आकडा कागदावर बरोबर, वर्गात चुकीचा. आठ तास कोणता वर्ग चालतो? पाच धर. खान्देशात डिसेंबर-जानेवारीत पोरं स्वेटर घालून बसतात, पंखे बंद. सुट्ट्या, परीक्षा वजा कर, १५० दिवस राहतील. पंख्यामागे ३४ युनिट वाचले. चार वर्षांची वसुली गेली नऊवर.
दुसरं. साधा पंखा जळाला तर गावातला वाइंडिंगवाला दोन दिवसांत भरून देतो. बीएलडीसीच्या आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं की नवं कार्डच लागतं, आणि आपल्याकडचं व्होल्टेज म्हणजे कधी दिव्याची वात, कधी होळी. रिमोटवाला घेतला तर पहिल्या आठवड्यात रिमोट गायब, मग पंखा एकाच स्पीडवर.
आधी हे बघा: तुमच्या वर्गात एक बटण दाबलं की सहा पंखे फिरतात, खाली पोरं बसलेली चार. बटणं वेगळी करून दिली तर खर्च वायर आणि मजुरीचा. ते जुने, हात भाजेल इतके तापणारे रेग्युलेटर काढा. पंखा हळू करा, वीज तेवढी वाचत नाही, त्या डब्यात उष्णता होऊन जाते. आणि गच्चीवर चुना मारा. आपल्या आज्या-पणज्या धाब्याच्या घरात राहिल्या, वर हातभर माती, मे महिन्यात आत गारवा. आपण स्लॅब टाकला आणि मग पंख्याला शिव्या देतो.

भुसावळ पॅसेंजर
पंखे-बिंखे सोडा, सोलर लावा. धुळे जिल्ह्यात साक्रीला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि आपण कॉलेजच्या गच्चीवर फुटक्या बाकांचा ढीग ठेवलाय. किलोवॅटला दिवसाला चार युनिट सरासरी सहज मिळतात. पीएम सूर्यघरची सबसिडी घरांना आहे, कॉलेजला नाही, पण कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनल लावते आणि आपण फक्त युनिटचे पैसे देतो, असेही करार होतात. मग पोरांचे ५० रुपये कशाला हवेत?

वायरमन आप्पा
तुझा शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी. पॅनलला ऊन लागतं, उष्णता नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला थोडी थोडी वीज घटते, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरचं पॅनल ६० च्या पुढे तापतं. वर धूळ. आठवड्याला पाणी मारायला माणूस कोण? आणि बिलात युनिटशिवाय डिमांडचाही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड ओढला त्याचाही, आकडा असतो, तो सोलरने फारसा हलत नाही.

केळीचं पान
मी होस्टेलला राहते, माझं ऐका. वर्ग पाच तास चालतो, आमचा पंखा सोळा तास. वर्षाला २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे १८० युनिट, म्हणजे १८०० रुपये. ३००० चा पंखा दोन वर्षांच्या आत फिटला. अभ्यासिकेचंही तेच. पंखे तिथे लावा जिथे ते थांबत नाहीत. (आणि हो, बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो, ते मी लिहिलेलं नाही.)
धडगावच्या काकांचं एक म्हणणं मला पटतं. वाचलेले पैसे कॉलेजच्या तिजोरीत गेले तर ही नुसती फीवाढ. हार्वर्डने २००२ पासून फिरता निधी ठेवलाय. विभागाने त्यातून उचल घ्यायची, बचतीतून परतफेड करायची, तेच पैसे पुढच्या कामाला. आपल्या आयांचे बचत गट याहून वेगळं काय करतात? दर वर्षी ५० कशाला, एकदाच घ्या आणि फिरवत राहा.

सातपुड्याची झुळूक
मान्य. होस्टेल आधी, वर्गणी एकदाच, माफी आपोआप, अर्ज नाही. माझ्या पहिल्या हिशेबातले आठ तास मी मागे घेतो. काका, आता?

धडगावचा पालक
आता एवढंच विचारतो. किती वाचलं हे ठरवणार कोण? कॉलेज म्हणेल, यंदा उन्हाळा कडक होता, काही वाचलंच नाही. मग परतफेड कशाची? आधी आणि नंतरचं रीडिंग भिंतीवर लावा, मग बोलू.

केळीचं पान
होस्टेलच्या मीटरचं रीडिंग मी उद्याच घेते.

वायरमन आप्पा
घे, पण त्याआधी ऐक. ते मीटर मीच बसवलंय. होस्टेल, कॅन्टीन आणि प्राचार्यांचा बंगला, तिघांना मिळून एकच आहे. बंगल्यात दोन एसी. आधी होस्टेलला वेगळा सबमीटर मागा.