मदत हवी आहे : फ्रोजन शोल्डरसाठी दारावरची पुली, काय चुकतंय?

आईचा (वय 58, मधुमेह) उजवा खांदा चार महिन्यांपासून जखडलाय. एक्स-रे व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगून पुली (दाराच्या वर पट्ट्याने अडकवायची चाकी, तिच्यावरून जाणाऱ्या दोरीच्या दोन्ही टोकांना धरायला मुठी) वापरायला सांगितली. हात पुढून जेमतेम खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, वेणी घालता येत नाही. पुली ओढताना खांदा कानापाशी जातो, रात्री मान दुखते आणि दारही खडखडतं. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद 1
आधी दार बघा. पट्ट्याची गाठ दाराच्या पलीकडे हवी आणि आईंची खुर्ची अशा बाजूला, की ओढल्यावर दार चौकटीत घट्ट बसेल. दार त्यांच्याकडे उघडत असेल तर सगळा भार कडीवर येतो. खडखडतं ते त्यामुळेच. आतून कडी लावा, नाहीतर पलीकडून कुणीतरी दार उघडेल आणि दुखऱ्या हाताला हिसका बसेल.

दोरीची लांबी अशी ठेवा : एक मूठ मांडीवर टेकली की दुसरा हात वर सरळ. दोरी लांब राहिली तर हात पुरता वर जाणारच नाही.

आता खरी चूक. उजवा हात स्वतःच्या जोराने वर जातोय, म्हणून खांदा उचकतो आणि मानेचे स्नायू काम करतात. ओढायचं डाव्या हाताने, खाली. उजव्याने मूठ फक्त धरायची, हात ओल्या कपड्यासारखा सैल. समोर आरसा ठेवा. खांदा कानाकडे सरकला की तिथेच थांबून थोडं खाली यायचं. हात अगदी बाजूने नको, पुढे आणि किंचित बाहेर. सध्या तोंड दाराकडे करून बसवा. हात कपाळाच्या वर जाऊ लागला की पाठ दाराकडे.

5 ते 10 सेकंद थांबा, 10 वेळा, दिवसातून 2-3 दा. ताण जाणवावा, कळ नको. अर्ध्या तासानंतरही ठणकत असेल तर पुढच्या वेळी उंची कमी करा.

प्रतिसाद 2
वरचं सगळं बरोबर, पण नुसत्या पुलीने वेणी घालता येणार नाही. या आजारात हात बाहेरच्या बाजूला वळणं सगळ्यात जास्त अडतं आणि पुली ते देत नाही. काखेत आपल्या सोलापुरी टॉवेलची गुंडाळी, कोपर 90 अंशात कमरेला चिकटलेलं, दोन्ही हातांत आडवी काठी. डाव्या हाताने काठी ढकलून उजवा पंजा बाहेर न्यायचा. गुंडाळी खाली पडली म्हणजे कोपर सुटलं, तो फेरा मोजू नका.

मधुमेहात पायांप्रमाणे हातांचीही संवेदना कमी झालेली असू शकते. व्यायामाआधी शेक 10 मिनिटंच द्या, पिशवीवर टॉवेलचे दोन पदर. साखर आटोक्यात ठेवा. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन ठरलं तर नंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा घरी तपासत राहा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. दार खरंच आमच्याकडे उघडतं, आज खुर्ची पलीकडच्या खोलीत नेतो. शेजारच्या काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना हीच पुली दिली तर चालेल का?

प्रतिसाद 1
नको. स्नायूबंध शिवलेला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे पुलीनेही टाक्यांवर ताण येतो. कधी सुरू करायची ते त्यांचे सर्जनच सांगतील. आणि आईंच्या बोटांत मुंग्या, ताप किंवा खांद्याला सूज दिसली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा.