एअर रायफलचा अक्रोडी दस्ता : नाशिकच्या हवेत तेलाचे पॉलिश कसे करावे?

नमस्कार मंडळी,

मामांकडून माझ्याकडे आलेल्या ०.१७७ बोअरच्या जुन्या एअर रायफलचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. त्यावर पूर्वी कोणीतरी जाड, चकचकीत व्हार्निश चढवले होते. ते आता गाल टेकतो त्या जागी पापुद्रे धरून निघते आहे. ते सगळे काढून, जुन्या इंग्रजी शॉटगनवर दिसते तसे लाकडात मुरलेले तेलाचे पॉलिश करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नळी आणि यंत्रणा वेगळी करून ठेवली आहे, त्यामुळे प्रश्न केवळ लाकडाचा आहे.

व्हार्निश काढण्यासाठी मी रिमूव्हर वापरला. पॉलिश पेपरने घासत बसले, तर कडा गोल होतात आणि लाकूड धातूच्या पातळीखाली जाते, मग तो सांधा कायमचा बिघडलेला दिसतो. दबलेल्या जागांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवल्यावर बहुतेक खड्डे वर आले; जिथे लाकडाचे तंतूच तुटले आहेत, तिथे मात्र उपयोग झाला नाही. पकडीवरच्या जाळीदार नक्षीला पेपर लावलेला नाही, ती फक्त ब्रशने साफ केली आहे.

पहिली अडचण यंत्रणेलगतच्या लाकडाची आहे. वर्षानुवर्षे वंगण मुरून ते काळे पडले आहे आणि इस्त्रीची ऊब लागताच तिथून तेल पाझरते. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप दिला की सुकताना ती तेल ओढून घेते आणि पिवळट होते. असे लेप किती वेळा द्यावेत, आणि लाकूड आता पॉलिश धरेल हे कशावरून ओळखावे?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. कच्च्या तेलाला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. बाजारात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड तेलात धातूंचे ड्रायर असल्यामुळे ते बरेच लवकर वाळते. परंतु दमट हवेत आणि थंडीतही ही क्रिया मंदावते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडचा पारा किती उतरतो हे सर्वांना ठाऊक आहे. मग ऑक्टोबरची उन्हे धरून काम सुरू करावे, की फेब्रुवारीपर्यंत थांबणे बरे? आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा पातळ हात देऊन रंध्रे बंद करावीत आणि वर तेल द्यावे, असे एका फर्निचर पॉलिशवाल्यांनी सुचवले. लाख पाण्याने पांढरी पडते, म्हणून घामाचा हात सतत लागतो त्या पकडीवर ती टिकेल का, अशी मला शंका आहे. त्यापेक्षा तेलातच ४०० नंबरचा पेपर फिरवून निघालेल्या लगद्याने रंध्रे भरणे मला पटते. हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी लगदा लगेच पुसला की वाळू दिला, हे कृपया सांगावे.

रंगासाठी रतनजोत तेलात भिजत घालण्याचा विचार आहे. इंग्रज बंदूक कारागीर लालसर झाक आणण्यासाठी याच कुळातल्या अल्कानेट या वनस्पतीचे मूळ वापरत. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रतनजोत तसाच रंग देते का?

बटप्लेटखालचे (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखालचे) आडवे कापलेले लाकूड आणि यंत्रणा बसते ती आतली खाच यांनाही तेल देणार आहे, कारण ओल तिथूनच आधी शिरते. तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती पाण्यात बुडवून ठेवतो. नव्याने हे काम करणाऱ्यांनीही ही काळजी अवश्य घ्यावी.

व्यावसायिक बंदूक कारागीर आणि हौशी मंडळी, दोघांच्याही अनुभवाची गरज आहे. उत्तर देताना तेल कोणते, ते टर्पेंटाइनने किती पातळ केले, दोन हातांमध्ये किती वेळ ठेवला आणि काम कोणत्या महिन्यात केले, एवढे लिहिल्यास फार मदत होईल.