पत्र्याच्या बादलीत ॲसिड टाकलं तं बादलीच गेली, तांब्याचा गडवा मात्र चकाचक, असं काऊन?

दर्यापूरचा_पोट्टा
राजेहो सायन्सवाल्यांनी सांगा जरा. आमचं गाव खारपाण पट्ट्यात, बोअरचं पाणी असं का फरशीवर, मोरीत, नळावर सगळीकडं पांढरे थर बसते. तं मी बाजारातून संडास धुवायचं ॲसिड आणलं, ते पिवळसर भेटते ते, अन् प्लास्टिकची बादली सापडली नाई म्हणून आजीच्या पत्र्याच्या बादलीत पाणी घेऊन त्यात ओतलं. दोन मिनिटात बादली अशी फसफसली का बस, बुडाले हात लावला तं गरम. दुसऱ्या दिवशी बादली भरली तं खालून गळाले लागली. अन् गंमत म्हणजे त्याच पाण्यात तांब्याचा गडवा बी बुडवला होता, काळा पडला होता म्हणून, त्याले एक बुडबुडा नाई, उलट लाल चकाचक निघाला. आजी म्हणते तांबं अस्सल अन् बादली डुप्लिकेट. खरं काय? आणखी एक, बाबा बाजूलेच बिडी ओढत बसले होते, त्या वाफेनं काही होते का?

बोंडअळी_२०१७
पहिले आजीचा मार खाय, केमिस्ट्री मंग. अन् पुढच्या वेळेस त्यात ब्लिचिंग पावडर टाक, डबल साफ होते.

रिटायर_मास्तर
ब्लिचिंग पावडर अजिबात नाही! ॲसिडमध्ये ती पडली की क्लोरीन वायू निघतो, बंद संडासात माणूस बेशुद्ध पडेल, जीवही जाईल. असले सल्ले देऊ नका भाऊ.

आता बादली. डुप्लिकेट नव्हती रे, अस्सल होती म्हणूनच फसफसली. पत्र्याची बादली म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, अन् तुझं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. जस्त त्यातला क्लोरीन स्वतःकडे ओढून घेतं, झिंक क्लोराइड होऊन पाण्यात विरघळतं, अन् एकटा पडलेला हायड्रोजन बुडबुडे होऊन वर येतो. यात उष्णता निघते म्हणून बुड तापलं. मुलामा कागदाहून पातळ, तो संपला की ॲसिड खालच्या लोखंडाला लागतं, तिथंही हेच, फक्त जरा सावकाश.

वर्गात मी पोरांना रांगच पाठ करायला लावायचो. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, अन् त्याच्या खाली तांबं, चांदी, सोनं. वरचा धातू हायड्रोजनला ॲसिडमधून हुसकावतो, खालच्याला ते जमत नाही. तुझा गडवा खालच्या बाकावरचा, म्हणून गप्प बसला.

बिडीचं मात्र गंभीर आहे. १७६६ मध्ये कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानं धातूंवर ॲसिड टाकूनच हा हायड्रोजन वायू गोळा केला होता अन् त्याला जळणारी हवा म्हटलं होतं. हवेत ४ टक्के जरी झाला तरी पेट घेतो. मोकळ्यात होते म्हणून उडून गेला. वास आला असेल तर तो हायड्रोजनचा नव्हे, त्याला वासच नसतो, ती ॲसिडची वाफ, तीही नाक-घसा जाळते.

दर्यापूरचा_पोट्टा
बाबाले सांगतो. पण मास्तर, गडव्यासंग रिॲक्शनच झाली नाई तं मंग काळं गेलं कुठं?

रिटायर_मास्तर
बरोब्बर विचारलं. काळं म्हणजे तांबं नव्हे, तांब्याचा ऑक्साइड. ऑक्साइड ॲसिडमध्ये विरघळतो, पण तेव्हा हायड्रोजन सुटत नाही, पाणी तयार होतं, म्हणून बुडबुडा दिसला नाही. आजी चिंचेनं घासते तेव्हा टार्टरिक ॲसिड हेच काम करतं, त्यामुळं गडव्याला चिंच पुरे, संडासचं ॲसिड कशाला. अन् हो, ते विरघळलेलं तांबं बादलीच्या जस्तावर जाऊन बसलं असणार. बुडाशी काळपट-तांबूस डाग आहेत का बघ.

वऱ्हाडी_सुगरण
मास्तर, जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या गंजात अंबाडीची भाजी केली का गंज आतून पांढराफट होते (पुण्या-मुंबईवाल्यांनो, गंज म्हणजे पातेलं, लोखंडाचा गंज नाई). आता ॲल्युमिनियम तुमच्या रांगेत जस्ताच्या बी वर, मंग ते काऊन नाई फसफसत?

रिटायर_मास्तर
ताई, ॲल्युमिनियमवर हवेनं स्वतःचाच ऑक्साइड चढतो, पातळ पण घट्ट, तो चिलखतासारखा. अंबाडीचं ॲसिड सौम्य, ते चिलखत थोडंथोडं खातं, तेच पांढरंफट दिसतं अन् भाजीत थोडं ॲल्युमिनियम उतरतं. भाजी शिजवून लगेच काढली तर ठीक, पण रात्रभर त्यातच ठेवू नका. स्टीलचा गंज बरा.

जुना_कास्तकार
बीटी कापसाचं बियाणं यायच्या आधी आम्ही सरकीले गंधकाचं ॲसिड चोळून तंतू जाळायचो, किलोले १०० मिली, दोन-तीन मिनिटं काठीनं ढवळायचं अन् मंग चार-पाच पाण्यानं धुवायचं. ते बी प्लास्टिकच्या टोपल्यातच, लोखंडी घमेलं नाई चालत म्हणत. पण तेच ॲसिड येते तं लोखंडाच्या टँकरमधी! हे कसं?

रिटायर_मास्तर
टँकरमधलं एकदम कडक असतं, पाणी जवळपास नाहीच. त्यात लोखंडावर आयर्न सल्फेटचा थर बसतो, तो त्या कडक ॲसिडात फारसा विरघळत नाही, म्हणून आतलं लोखंड वाचतं. सरकी धुताना पाणी पडलं की तो थर विरघळतो अन् मग घमेलं खल्लास. अन् त्या ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचं, नाहीतर उकळून अंगावर उडतं.

दर्यापूरचा_पोट्टा
मास्तर, पाह्यलं. बुडाले काळपट डाग हायेत, जिथं गडवा टेकला होता तिथं जास्तच. आजीले दाखवलं, ते म्हणते डाग राहू दे, बादली कधी आणतं ते सांग.