मदत हवी आहे: दोन देशांतल्या सर्वेक्षणाची तुलना करताना अडकलोय

नमस्कार मंडळी,

आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनावर प्रबंध लिहितोय. संशोधनपद्धतीचा पेपर घोकंपट्टी करून काढला होता, ते आता अंगाशी आलंय.

एकाच कंपनीच्या जर्मनीतल्या आणि जपानमधल्या शाखेत कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक किती वाटते, हा विषय. बारा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. जर्मनीतून ११८ उत्तरं आली, जपानमधून १०४. सरासरी ३.९ आणि ३.२. टी-टेस्टमध्ये (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) फरक सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाचा न वाटणारा, आला, म्हटलं सुटलो! मग कारण दाखवायला संस्कृतींची तुलना करणारे संशोधक हॉफस्टीड यांचे पॉवर डिस्टन्सचे (सत्तेतली उच्चनीचता लोक कितपत मान्य करतात, त्याचे) आकडे घेतले (जर्मनी ३५, जपान ५४), प्रत्येक उत्तरापुढे त्या-त्या देशाचा आकडा टाकला आणि रिग्रेशन (एका आकड्याबरोबर दुसरा किती बदलतो ते काढणारं गणित) चालवलं.

गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "फरक माणसांत आहे की फूटपट्टीत?"

म्हणून जपानी प्रश्नावली एका तिऱ्हाइताकडून, मूळ न दाखवता, उलट भाषांतरित करून घेतली. चौथं विधान होतं 'साहेब माझ्या कामात लुडबुड करत नाहीत'. परत आलं ते 'साहेबांना माझ्या कामात रस नाही'! हे सर्वेक्षणाआधी करायचं असतं, माहीत आहे, कृपया रागावू नका.

चौथं विधान गुपचूप काढू का? आणि हॉफस्टीडचा रकाना चुकलाय का? हातात दोन महिने आहेत.

प्रतिसाद १:
आधी रकाना. देश दोनच, म्हणजे त्यात आकडेही दोनच. ३५ऐवजी 'जर्मनी' लिहिलं असतं तरी रिग्रेशनने तेच सांगितलं असतं. तुम्ही देशाचं नाव आकड्यात लिहिलंय, कारण सापडलेलं नाही. शिवाय ते गुण राष्ट्रांच्या पातळीवरचे आहेत, मूळ आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातले. एकेका माणसाला चिकटवायचे नसतात.

विधान काढा, पण गुपचूप नको. उलट भाषांतरात काय निघालं ते प्रबंधात लिहा, परीक्षकांना तेच आवडेल. मग मेझरमेंट इन्व्हेरियन्स तपासा, म्हणजे प्रश्नावली दोन्ही देशांत तीच गोष्ट त्याच मापाने मोजते का ते. त्यासाठी आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं लावान पॅकेज फुकट आहे. स्केलर पातळीपर्यंत (म्हणजे मोकळीक सारखीच वाटणारे लोक दोन्हीकडे सारखेच गुण देतात, इथपर्यंत) जमलं तरच सरासऱ्या शेजारी ठेवा. जपानी लोक मधला पर्याय जास्त निवडतात असंही अभ्यासांत दिसलंय, तेव्हा ३.२ म्हणजे मोकळीक कमी असं लगेच धरू नका.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. फक्त आकड्यांवर दोन महिने घालवू नका. प्रत्येक शाखेतल्या सात-आठ जणांशी बोला. 'मागच्या महिन्यात कुणाला न विचारता घेतलेला एक निर्णय सांगा', असं विचारा. 'मोकळीक आहे का' असं विचारलंत तर 'हो' येईल, बाकी काही नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार, रकाना उडवला. मुलाखतींना जपानी दुभाषा लागेल. तिथल्या शाखाप्रमुखांनी त्यांच्याच कार्यालयातली एक व्यक्ती देऊ केलीय, फुकट. चालेल ना?

प्रतिसाद २:
साहेब लुडबुड करतात का, हे साहेबांच्याच माणसाच्या तोंडून विचारणार? बाहेरचा शोधा.