ओटा, अंगण आणि दिवाणखाना: कोणता दगड कोठे घालावा?

कोथरूडकर:
आमच्या जुन्या बंगल्याचे नूतनीकरण सुरू आहे. दिवाणखान्यात संगमरवर, स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा आणि अंगणात शहाबादी फरशी घालावी, असा आमचा विचार आहे. ठेकेदार मात्र सर्वत्र ग्रॅनाइटच सुचवत आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाषाणप्रेमी:
ओट्यापुरते ठेकेदाराचे म्हणणे योग्य आहे. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडक असून संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतरित रूप आहे. या तिन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडला की झिलई उतरते, आणि हा डाग नसून दगडाचीच झीज असल्याने ती झिलई नुसते घासून परत येत नाही. खरेदीपूर्वी नमुन्यावर लिंबाचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि झिलई उतरते का ते पाहावे. (बाजारातील 'काळा ग्रॅनाइट' भूशास्त्रीयदृष्ट्या बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट हा वेगळा अग्निजन्य खडक असतो, ओट्याला त्याने काही बिघडत नाही.)

सदाशिवपेठी:
अंगणात शहाबादी खुशाल घालावी, परंतु पॉलिश न केलेली, कारण पावसाळ्यात गुळगुळीत दगडावर, मग तो ग्रॅनाइट का असेना, पाय हमखास घसरतो. कुंपणाच्या भिंतीसाठी मात्र बाहेरून दगड आणण्याचे कारणच नाही. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे ज्या बेसाल्टमध्ये कोरले आहे, तोच काळा पाषाण आपल्या पायाखाली आहे.

कोथरूडकर:
आभारी आहे. घरी उरलेल्या कडप्प्याच्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहिले आणि तेथे पांढुरका ठसा उमटला. ओट्याला ग्रॅनाइट नक्की केला. दिवाणखान्यातील संगमरवराचा हट्ट मात्र सौभाग्यवती सोडायला तयार नाहीत.