‘कुत्रा उगाच चावत नाही’ म्हणे!

रात्रपाळी
परवा इथंच एका ताईंनी लिहिलं होतं, "कुत्रा उगाच कधीच चावत नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार." खाली बदामांचा पाऊस. उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

मी राहतो हडपसरला. कंपनीतून रात्री दीडला सुटतो. गणपतीच्या दिवसांत स्कूटरवरून येताना चिकनच्या दुकानापाशी चार कुत्री मागे लागली आणि एकानं पोटरी धरली. मी काय केलं होतं? हॉर्नसुद्धा नाही. मग त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांत सुया. पहिल्या दिवशी तर ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, थेट जखमेच्या कडेनं टोचतात. ताई, एकदा अनुभव घ्या, मग बदाम वाटा.

दोन मांजरं एक कुत्रा
मीच ती ताई. दुसरं वाक्य जास्त झालं, मान्य. पहिलं मागे घेणार नाही. कारण असणं वेगळं आणि तुमची चूक असणं वेगळं. गणपती म्हणजे भाद्रपद! भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. एका मादीमागे चार नर, त्यात समोर कोंबडीची आतडी पडलेली. तिथून कुणीही जोरात गेलं की ती धावणारच. आणि दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, पिल्लं होतात. मग आई कुणाला जवळ येऊ देत नाही.

चावायच्या आधी कुत्रा सांगतो हो. अंग ताठ होतं, उघडं तोंड मिटतं, मान वळवतो, नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. शेपूट हलली म्हणजे खूश, हे साफ खोटं. उंच ताठ धरलेली शेपूट नुसती टोकाशी थरथरत असेल तर मागे सरा. आणि पाळीव कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला फटके देऊ नका, पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

रात्रपाळी
रात्री दीडला, चाळीसच्या स्पीडला, मी त्याची जांभई बघू?

टायरवाला
जांभई सोडा. गाडी थांबवायची. पळत्या चाकामागे कुत्रं धावतं. चाक थांबलं की खेळ संपला.

खडूस सातारकर
कुणी सांगितलं? मी थांबलो होतो एकदा, वाढे फाट्याला. बूट गेला.

टायरवाला
लाथ मारली असणार तुम्ही.

खडूस सातारकर
मारली. मग काय आरती करू?

बुलेट आणि बायको
दोन्ही पाय टाकीवर घ्यायचे आणि कान पिळायचा. बारा वर्षं हेच करतोय.

टायरवाला
माझा मामा हेच करत होता. पाय वर, कान पिळलेला, नजर मागच्या कुत्र्यावर. समोर दुभाजक. खुब्यात प्लेट आहे आता. कुत्र्याचा दातसुद्धा लागला नाही. घरचे अजून "कुत्र्यामुळे झालं" म्हणतात.

बुलेट आणि बायको
मामांना चालवता येत नसेल.

टायरवाला
तोंड सांभाळून. एसटीत ड्रायव्हर होते ते.

बी विंगच्या काकू
तुमचं स्कूटर-पुराण झालं असेल तर मुद्द्यावर या. आमच्याकडे एक बाई रोज जिन्याच्या तोंडाशी दूध-चपाती घालतात. ताटलीजवळून गेलं की कुत्रं अंगावर. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या सरकारी नियमांतच लिहिलंय, खायला घालायची जागा जिना, दारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. दाखवलं तर म्हणतात, तुम्हाला भूतदया नाही. दिल्लीत सुप्रीम कोर्टानं सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली तेच बरोबर होतं.

दोन मांजरं एक कुत्रा
काकू, ते ११ ऑगस्ट २०२५. २२ ऑगस्टला बदललं. नसबंदी आणि लस करून त्याच भागात परत सोडायचं, रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं सोडून. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

बी विंगच्या काकू
आणि ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड इथली उचला, परत सोडू नका म्हणाले. ते तुमचं राहिलं वाटतं. शिवाय २२ तारखेच्याच आदेशात खायला घालायची जागा ठरवून द्या असंही आहे. जिना त्यात बसत नाही.

दोन मांजरं एक कुत्रा
जिन्याचं तुमचं बरोबर. तेवढंच.

सिस्टर
भांडा खुशाल, पण माझ्याकडे परवा बाई आल्या, जखमेत मिरची आणि चुना भरून. आधी ते काढण्यात अर्धा तास गेला. नळाखाली धरा, साबण लावा, पंधरा मिनिटं धुवा, मग या. आणि पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून घाबरून घरी बसणाऱ्यांनो, ती लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर आमच्या हातात काही राहत नाही.

अजून एक. माझ्या भाच्याला रस्त्यावरचं नाही, आमचंच मोती चावलं. मोती खाटेखाली झोपलेलं, पोरानं मागून मिठी मारली. "आमचा मोती काही करत नाही" असं त्याच सकाळी पाहुण्यांना सांगितलं होतं. मीच.

रात्रपाळी
धागा माझा, म्हणून अपडेट. काल मुद्दाम थांबलो. त्याच दुकानापाशी. पाय जमिनीवर, हात हँडलवर, नजर खाली, पोटात गोळा. तीन कुत्री दहा फुटांवर भुंकत उभी राहिली आणि कंटाळून गेली. चौथं जवळ आलं, पुढचं चाक हुंगलं, तंगडी वर केली आणि चालू पडलं. टायरवाले, एक गुण तुम्हाला. ताईंना अर्धा.

खडूस सातारकर
नशीब तुमचं. चाक धुवा.

बुलेट आणि बायको
माझ्या गाडीला कुणाची हिंमत नाही.