व्हेंटिलेटरवरील रुग्णाची घरची रात्रपाळी घ्यावी का?

प्रश्न
रुग्णसहायकाचा जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट) अभ्यासक्रम पूर्ण करून मी पुण्यात सहायक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत वृद्ध रुग्णांच्या ड्यूट्या करतो. अंग पुसणे, कूस बदलणे, राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) आहार देणे या कामांची मला सवय आहे. आता ब्युरोने मोटर न्यूरॉनच्या आजाराच्या (यात स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जातात) एका रुग्णाची रात्रपाळी देऊ केली असून ते गृहस्थ ट्रॅकिओस्टॉमीद्वारे (गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत बसवलेल्या नळीद्वारे) घरीच व्हेंटिलेटरवर आहेत. मशीन आपोआप चालते, तुम्ही फक्त लक्ष ठेवायचे, असे ब्युरोचे म्हणणे आहे. सक्शन (श्वासनलिकेतला कफ मशीनने ओढून काढणे) मी रुग्णालयात शेजारी उभा राहून पाहिले आहे, स्वतः केलेले नाही. अशी केस घ्यावी का, आणि घेण्यापूर्वी काय विचारावे?

उत्तर : निवृत्त आयसीयू परिचारिका, ठाणे
‘फक्त लक्ष ठेवायचे’ असे सांगणाऱ्याने ही ड्यूटी स्वतः कधी केलेली नसावी. अशा रुग्णाला कफ स्वतःहून बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे रात्रीतून अनेकदा सक्शन करावे लागते आणि ते आडदांडपणे केल्यास श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते. कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) आत जाताना सक्शन बंद ठेवायचे, बाहेर काढताना अंगठ्याने त्याच्या बाजूचे छिद्र झाकून सुरू करायचे, सगळे १५ सेकंदांच्या आत आटोपायचे आणि प्रौढांसाठी दाब १५० मिमी पाऱ्याच्या वर न्यायचा नाही. हे वाचून येत नाही, कोणाच्या तरी देखरेखीखाली हाताने केल्यावरच येते. माझ्या मते हे काम नर्सिंग स्टाफचेच आहे.

अलार्म वाजला की नवखी माणसे मशीनच्या पडद्याकडे धावतात. आधी रुग्णाकडे पाहावे: छाती हलते आहे का, ओठांचा रंग कसा आहे, सॅचुरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) किती आहे. दाब वाढल्याचा अलार्म असेल तर कफ अडकलेला असतो, खोकला आलेला असतो किंवा नळी अंगाखाली दुमडलेली असते. दाब कमी झाल्याचा असेल तर बहुधा एखादा जोड सुटलेला असतो. कारण लगेच सापडले नाही आणि रुग्णाला श्वास पुरत नसेल, तर शोधत बसू नये. मशीनची नळी ट्रॅकिओस्टॉमीपासून वेगळी करून ॲम्बू बॅगने (हाताने दाबून हवा देण्याच्या पिशवीने) श्वास देत राहावे आणि घरच्यांना उठवून १०८ला फोन करायला सांगावे.

उत्तर : रुग्णसहायक, नाशिक
ताईंचा आदर राखून सांगतो, बऱ्याच घरांत ही कामे आमच्यासारखे सहायक आणि घरचे लोकच शिकून करतात, कारण परिचारिकेचा खर्च महिनोन्महिने सगळ्यांना झेपत नाही. मात्र शिकवणार कोण आणि अडचण आली तर हाकेच्या अंतरावर कोण, हे आधी ठरलेले असावे.

घर पाहायला जाल तेव्हा वीज गेल्यावर काय होते ते मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण सक्शन मशीन आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) बहुतेक वेळा थेट विजेवर चालतात. ते इन्व्हर्टरवर आहेत का, पायाने चालवायचे सक्शन आहे का, भरलेला सिलिंडर आहे का, हे विचारा. ॲम्बू बॅग उशाशी टांगलेली हवी. एका घरी ती मी कपाटात, तीही न फोडलेल्या पाकिटात पाहिली. ट्रॅकिओस्टॉमीची सुटी नळी त्याच आकाराची एक आणि एक आकार लहान, अशा दोन असाव्यात.

उत्तर : रुग्णाची पत्नी, सांगली
माझ्या यजमानांना हाच आजार आहे. हातपाय आणि वाचा गेली तरी त्यांची समज पूर्ण शाबूत आहे, आणि डोळे अजून हलतात. आमच्याकडे पुठ्ठ्यावर वर्णमाला ओळींनी लिहिली आहे. सहायक ‘कची ओळ, चची ओळ’ असे म्हणत जातो आणि ते वर पाहतात तिथे थांबतो, मग त्या ओळीतले अक्षर. काना-मात्रा आम्ही सोडूनच दिल्या आहेत. ‘प’ आणि ‘य’ एवढे कळले की पाय सरळ करायचा. हे शिकायला जो कंटाळतो त्याला आम्ही ठेवत नाही, त्याचे सक्शन कितीही सफाईदार असो. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी फोनवर बोलणारेही आम्हाला नकोत.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आधीच्या सहायकासोबत काही रात्री शिकण्यासाठी थांबू द्या, असे मी ब्युरोला सांगितले. त्या रात्रींचे पैसे मिळणार नाहीत, असे उत्तर आले. हे रीतीला धरून आहे का?

उत्तर : रुग्णाची पत्नी, सांगली
ब्युरोला न विचारता थेट कुटुंबाशी बोला. आम्ही अशा रात्रींचे निम्मे पैसे स्वतः दिले होते, कारण अर्धवट शिकलेला माणूस रात्री एकटा सोडण्यापेक्षा ते आम्हाला परवडले.